बालीला माणसं नेणाऱ्या आणि तिथे व्हिला घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून बालीच्या सहली काढणाऱ्या सर्व लहान-मोठ्या पर्यटन कंपन्या, तसंच बालीत भाडेपट्ट्याने व्हिला घेण्याच्या विचारात असलेले सर्व मराठी बंधू-भगिनी यांना,

सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने माझ्या मोबाईलवर एकच जाहिरात वेगवेगळ्या ग्रुपांमधून फिरून फिरून येते आहे. कधी नाशिकच्या मित्राकडून, कधी पुण्यातल्या भाच्याकडून. जाहिरात मराठीत आहे: बालीत भातशेतीच्या मधोमध स्वतःचा व्हिला, तीस वर्षांचा करार, घरबसल्या उत्पन्न. खाली फोटो. पोहण्याचा निळा तलाव आणि त्याच्या कठड्याला लागून हिरवंगार भात. तसे व्हिला ज्या भागात उभे राहताहेत, त्याच भागात मी राहतो. म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी नोकरीनिमित्त डेनपासारला, बालीच्या मुख्य शहरात, असतो आणि शहरापासून पंधराएक किलोमीटरवर, मुंग्गू गावाच्या बाजूला भाड्याने राहतो. माझं मूळ गाव धुळे जिल्ह्यातलं, पांझरेच्या काठचं. पाटाच्या पाण्यावर वाढलेला माणूस असल्यामुळे इथे आल्यावर देवळांच्या आधी माझी नजर पाटांकडे गेली, आणि अजूनही तिथेच असते.

मुंग्गू हे बाडुंग जिल्ह्याच्या मेंग्वी तालुक्यातलं गाव. पूर्वेला पेरेरेनान, त्याला लागून चांगू. पश्चिमेला चेमागी आणि पुढे तानाह लोत, जिथे तुमच्या बस सूर्यास्ताला थांबतात. चांगूहून तानाह लोतकडे जाणारी वाट इथूनच जाते, त्यामुळे तुमच्या बऱ्याच प्रवाशांनी मुंग्गू गाडीच्या काचेतून पाहिलेलं आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या दगडी भिंती, प्रत्येक घराचं कोरीव दार, दारासमोर सकाळी ठेवलेली चनांग सारी, म्हणजे केळीच्या किंवा नारळीच्या पानाच्या द्रोणातली फुलं आणि वर धुमसणारी उदबत्ती. घरांची ओळ संपली की लगेच सावाह. सावाह म्हणजे पाण्याखालची भातखाचरं.

वीसेक वर्षांपूर्वी चांगूही असंच होतं. आज तिथे खाचरांमधून गेलेल्या एका अरुंद वाटेवर दुचाकी-मोटारींची दिवसभर कोंडी असते. ती वाट मुळात शेतात जाण्यासाठी होती. तिच्यावरून गाड्या थेट भातात कोसळल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, लोक ते हसण्यावारी नेतात. 2020 च्या जनगणनेत डेनपासारची लोकसंख्या सव्वासात लाखांच्या घरात होती, पण शहर काही महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. डेनपासार, बाडुंग, ग्यान्यार आणि ताबानान मिळून जो शहरी पट्टा झाला आहे त्याला सरकारी कागदांत चौघांच्या नावांतली अक्षरं जोडून 'सारबागिता' म्हणतात. मुंग्गू त्या पट्ट्याच्या आजच्या कडेवर आहे. हिंजवडी आणि वाघोलीची जुनी माणसं भेटली तर त्यांना विचारा, कडेवर असणं म्हणजे काय असतं.

आता हे गाव चालतं कसं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण जाहिरातीत त्याचा मागमूस नसतो आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

बालीत एकाच गावात दोन गावं असतात. एक सरकारी गाव, 'देसा दिनास', जिथे ओळखपत्र, दाखले, निवडणुका होतात. दुसरं परंपरेचं गाव, 'देसा अदात'. त्याची देवळं वेगळी, नियम वेगळे, सभासद वेगळे. गावाचे लेखी नियम असतात, त्यांना 'अविग-अविग' म्हणतात, आणि ते मोडले तर दंड होतो. 2019 मध्ये बाली प्रांताने स्वतंत्र नियमावली करून देसा अदातला कायद्याचं बळ दिलं. या गावाखाली वस्तीवार 'बंजार' असतात. बंजारच्या चौकातल्या मंडपात लाकडी ढोल टांगलेला असतो, कुलकुल. तो वाजला की प्रत्येक घरातला लग्न झालेला माणूस निघतो. कुणाकडे मयत असेल, कुठल्या देवळाचा उत्सव असेल, कुठे भिंत पडली असेल. नोकरीवरून थकून आलेला वेटरही उठतो आणि कमरेला वस्त्र गुंडाळून जातो. मी हे रोज बघतो.

आणि या दोन्हींहून वेगळी तिसरी संस्था आहे, सुबाक. ही पाण्याची संस्था. एका पाटावर ज्यांची ज्यांची खाचरं भिजतात ते सगळे त्या सुबाकचे सभासद, मग त्यांची घरं कुठल्याही गावात असोत. सुबाकची हद्द पाणी ठरवतं. तिचा प्रमुख म्हणजे पेकासेह. तो सभासदांनी निवडलेला असतो. तिचं स्वतःचं देऊळ असतं, स्वतःचे नियम असतात आणि पाट साफ करायला प्रत्येकाने अंगमेहनत द्यायची असते. ही पद्धत नवव्या शतकापासून चालत आलेली आहे. 2012 मध्ये युनेस्कोने बालीतल्या सुबाकच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली: पाच ठिकाणं, मिळून सुमारे 19,500 हेक्टर. मेंग्वीचं पुरा तामान आयुन हे जलमंदिर त्यातलं एक, मुंग्गूपासून जवळच. तिथे तुम्ही प्रवाशांना नेता, फोटो काढता. पण ते देऊळ ज्या पाण्यासाठी आहे त्या पाण्याबद्दल एकाही गाईडला बोलताना मी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट जवळून दाखवतो. मी राहतो तिथून खाली उतरलं की पाट दोन फाट्यांत विभागतो. विभागायच्या जागी पाण्यात आडवं लाकूड बसवलेलं असतं, त्याला तेंबुकू म्हणतात. त्या लाकडात खाचा असतात. खाचांचा तळ एकाच पातळीत, रुंदी मात्र वेगवेगळी. ज्या फाट्यावर जास्त खाचरं, त्याची खाच रुंद. पाण्याच्या वाट्याचं मापच या खाचेवर चालतं, त्याला तेकतेक म्हणतात. यात हुशारी अशी की पाट भरून वाहत असो की उन्हाळ्यात निम्मा असो, वाटणीचं प्रमाण तेच राहतं. मीटर नाही, वॉचमन नाही, आणि लाकडाशी कुणी खेळलं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला उघड्या डोळ्यांनी दिसतं. शेजारी दगडाचं छोटं देवघर असतं, त्यात भाताची देवता असलेल्या देवी श्रीसाठी फुलं. पाण्याच्या वाटणीची जागा आणि पूजेची जागा इथे एकच आहे.

हे बघताना मला आमचे फड आठवतात. धुळे-नाशिककडच्या मंडळींना सांगायला नको: पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर दगडी बंधारे, त्यावरून काढलेले पाट, गावची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. शेकडो वर्षं गावांनी हे स्वतः चालवलं. मग वर धरणं झाली, विहिरी झाल्या, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. पाटकऱ्याचं काम गेलं, मग ते काम कसं करायचं हेही विसरलं गेलं. माझ्या आजोबांच्या पिढीबरोबर आमच्या गावातलं ते ज्ञान संपलं. बालीत ते अजून जिवंत आहे, आणि ते मोडायला आता आपल्याच लोकांचा पैसा येतो आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

हे मोडलं तर काय होतं याचा एक अनुभव बालीला आधीच येऊन गेला आहे. 1970 च्या दशकात हरितक्रांतीच्या नावाखाली सरकारने शेतकऱ्यांना सांगितलं: नवीन वाण लावा, खतं टाका, आणि देवळाच्या पंचांगाची वाट न बघता जमेल तितकी पिकं घ्या. शेतकऱ्यांनी तसं केलं. सुरुवातीला पीक वाढलं. मग तपकिरी तुडतुडे आणि भातावरचा विषाणूजन्य रोग असा काही फोफावला की हंगामच्या हंगाम हातचे गेले. स्टीफन लान्सिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने पुढे हे सगळं उलगडून दाखवलं. जलमंदिरं जे वेळापत्रक ठरवत होती त्यात शेजारचे सुबाक एकाच वेळी शेत मोकळं ठेवत. मोठ्या क्षेत्रावर भात नाही म्हटल्यावर किडीला खायला काही उरत नसे. पण सगळ्यांनीच एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. या दोहोंमधला तोल देवळात बसून गावोगावचे पेकासेह साधत होते. 1980 चं दशक संपता संपता, ज्या बँकेने त्या योजनेला पैसा दिला होता तिनेही देवळांची ही व्यवस्था उपयोगाची असल्याचं मान्य केलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की सुबाक ही एकत्र चालणारी गोष्ट आहे. त्यातलं एक खाचर काढून घेतलं तर फक्त एक खाचर कमी होत नाही.

आता व्हिला येतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडतं ते सांगतो.

जमिनीचा भाव इथे आरावर बोलतात. आर म्हणजे 100 चौरस मीटर, तुमच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आरच्या रकान्यात असतो तोच, जवळपास एक गुंठा. एका आरात एका पिकाला साठेक किलो साळ निघते. 2025 मध्ये सरकारने साळीचा खरेदीदर किलोला 6,500 रुपिया केला. म्हणजे एका आराचं एक पीक चार लाख रुपियांच्या आत, आपले दोन हजार रुपये. त्यातून खर्च जायचा. आणि चांगूच्या बाजूला तोच एक आर व्हिलासाठी भाड्याने द्यायचा तर वर्षाला कोटीच्या वर रुपिया बोलले जातात, म्हणजे आपले पन्नास हजारांच्या पुढे. शेतकऱ्याला लोभी म्हणणाऱ्या माणसाने हा हिशेब आधी कागदावर करून बघावा.

पण पैसा ज्याला मिळतो तो बरेचदा कसणारा नसतोच. इथे बटाईने कसणारे खूप आहेत, त्या पद्धतीला 'न्याकाप' म्हणतात. मालक एखादा शिक्षक असतो, डेनपासारमधला दुकानदार असतो किंवा एकाच घराण्यातले भाऊ असतात. करार मालकाशी होतो. तीस वर्षांचे पैसे एकरकमी मालकाला मिळतात. वर्षानुवर्षं चिखल तुडवणाऱ्याला फक्त निरोप मिळतो की पुढच्या हंगामाला येऊ नकोस. मालकाचीही गंमत नाही. एकरकमी आलेल्या पैशाची गाडी येते, घराला मजला चढतो, एखाद्या मोठ्या विधीचा खर्च भागतो, आणि पुढची पंचवीस वर्षं हातात जमीन नाही, भाडंही नाही. मुलगा त्याच व्हिलात रात्रपाळीला लागतो.

आणि पाट. माझ्या घराच्या खालच्या अंगाला दोन वर्षांत सलग तीन भूखंडांवर बांधकाम झालं. पाट बुजवायला परवानगी नसते, म्हणून तो बंद पाइपात घातला आणि वरून गाड्या लावायची जागा केली. पाइपाचं तोंड पाटापेक्षा अरुंद. गवंड्यांनी उरलेला माल, टाइल्सचे तुकडे तिथेच टाकले, त्यावर बाटल्या आणि पिशव्या येऊन अडकल्या. खालच्या अंगाचा एक म्हातारा शेतकरी पहाटे विळा घेऊन येतो आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो गाळ ओढून काढतो. पाट सफाईच्या दिवशी सुबाकचे सभासद येतात, व्हिलावाला येत नाही, कारण तो सभासद नाही. त्याला नियम लागू नाही, दंड लागू नाही, कुलकुलचा आवाज त्याच्या पाहुण्यांसाठी सकाळची कटकट आहे. मागच्या हंगामात खालच्या चार खाचरांना लावणीच्या वेळी पाणीच पुरलं नाही. उरलेल्या तुकड्यांवर उंदीर आणि पाखरं तुटून पडतात, कारण आजूबाजूला खायला दुसरं काही राहिलेलं नाही. मग तो म्हातारा तरी का कसेल? त्याचं खाचरही विकायला निघतं, आणि जाहिरातीतला हिरवा देखावा ज्यांनी त्यासाठी पैसे मोजले त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो.

सप्टेंबर 2025 मध्ये डेनपासारमध्ये पूर आला. बाडुंग नदी बाजारपेठेत शिरली, दुकानं आणि घरं कोसळली, डझनाहून अधिक माणसं गेली. नुसत्या व्हिलांनी पूर आला असं मी म्हणणार नाही. पाऊस विलक्षण होता, वरची जंगलं विरळ झाली आहेत, गटारं कचऱ्याने तुंबलेली असतात. पण बांध घातलेलं प्रत्येक खाचर पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, हे भात पिकवणाऱ्या कोकणी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तिथे काँक्रीट केलं की तेच पाणी धावत सुटतं. त्या पुरानंतर राज्यपाल वायान कोस्तेर यांनी शेतजमिनीवर नव्या हॉटेल-रेस्टॉरंटांना परवाने थांबवण्याचं जाहीर केलं. शेतजमीन राखण्याचा राष्ट्रीय कायदा तर 2009 पासूनच आहे. कायदा होता आणि बांधकामंही होत होती, हे दोन्ही खरं आहे.

व्हिला घेऊ पाहणाऱ्यांसाठी कायद्याचंच आणखी थोडं. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, कुठल्याच मार्गाने नाही. 'स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, तुमच्याशी वेगळा करार करू' असं कुणी सांगितलं तर तो व्यवहार कायद्याने रद्दबातल आहे आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. भाडेपट्टा चालतो, पण आराखड्यात ती जमीन कुठल्या रंगाच्या पट्ट्यात आहे हे बघावं लागतं. हिरवा पट्टा म्हणजे शेती, पिवळा म्हणजे वस्ती. दलाल सांगतो, 'हिरवा आहे, पण लवकरच पिवळा होईल.' हे वाक्य तुम्ही गुंठेवारीच्या काळात आपल्याकडेही ऐकलेलं आहे आणि त्यापायी कितीजण अडकले तेही पाहिलेलं आहे. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे: सावाहवरचा कुठलाही भूखंड घेऊ नका. कागद चोख असले तरी घेऊ नका. बालीत घर हवंच असेल तर वस्तीतलं जुनं घर घ्या, बंजारच्या प्रमुखाला आधी भेटा, बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठी गावाचे नियम आणि वर्गणी काय ते विचारा आणि ती वेळेवर भरा. जमिनीच्या शेजारून पाट जात असेल तर पेकासेहला भेटल्याशिवाय सही करू नका. तो गावात सगळ्यांना माहीत असतो, शोधावा लागत नाही.

सहल कंपन्यांना माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, कारण तुम्ही हजारोंनी माणसं आणता. 2024 मध्ये भारतातून साडेपाच लाखांच्या आसपास लोक बालीला आले. ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल आपलाच नंबर होता. त्यात मराठी माणूस किती हे मोजलेलं नाही, पण उबुदच्या बाजारात आणि तानाह लोतच्या पायऱ्यांवर मराठी कानावर पडत नाही असा दिवस जात नाही. इतक्या लोकांच्या खिशाला वजन असतं.

तुम्ही येऊ नका असं मी म्हणत नाही, आणि गावकरीही म्हणत नाहीत. डिसेंबर 2025 मध्ये जातिलुविहला काय झालं ते बघा. युनेस्कोच्या वारशातली ही खाचरं, ताबानान जिल्ह्यात बातुकारू डोंगराच्या उतारावर. 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जातिलुविहला उत्तम पर्यटन गावांच्या यादीत घेतलं. तिथे शेतजमिनीवर बांधलेल्या हॉटेलांना प्रशासनाने टाळं लावलं. मग शेतकऱ्यांनीच आपल्या खाचरांमध्ये पत्रे उभे केले, देखावा झाकण्यासाठी. कारण त्यातली काही छोटी वारुंग, म्हणजे खाणावळी, त्यांची स्वतःची होती. त्यांचा प्रश्न सरळ होता: देखावा आम्ही घडवतो, राखतो, मग त्याचा पैसा बाहेरच्यांनीच का न्यायचा? मला दोन्ही बाजू कळतात. खाचरात हॉटेल नको हे बरोबर आहे. पण शेतकऱ्याने फक्त भात लावून पाहुण्यांना मोफत दृश्य पुरवत राहायचं, ही अपेक्षाही अन्यायाची आहे. यातून वाट निघते ती गावाच्या हातात पैसा पोहोचण्याची, आणि ती वाट तुम्ही लोक आजपासून धरू शकता.

तुमच्या सहलींबरोबर आपले आचारी असतात, तांदूळ-डाळ बरोबर येते. आपल्या ज्येष्ठांना वरणभात लागतो, त्यात काही गैर नाही. पण भाताच्या बेटावर येताना तांदूळ पोत्यांनी आणू नका. ताबानानचा तांदूळ घ्या, थेट सुबाककडून घेता आला तर उत्तमच. जातिलुविहचा लाल तांदूळ तर एकदा पिठलं घालून वाढून बघा, लोक विचारून विचारून घेतील. शेतकऱ्याला साळीपेक्षा तांदळात, आणि बाजारापेक्षा थेट विक्रीत जास्त पैसा सुटतो, हे गणित जगभर सारखंच आहे.

मुक्कामाची एक तरी रात्र गावकऱ्यांच्या घरी ठेवा. घराच्या आवारातली एखादी खोली पाहुण्यांना देणारी कुटुंबं जवळपास प्रत्येक गावात आहेत. तिथे सोय व्हिलाएवढी नसते, पण पैसा त्या अंगणात राहतो. खाचरांतून फिरायला नेणार असाल तर त्याच सुबाकचा शेतकरी वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला ठरवून मेहनताना द्या. बांधावर उभं राहून फोटो काढायला पन्नास माणसं एकदम उतरवू नका. ते बांध मातीचे असतात, एका सहलीने खचलेला बांध दुरुस्त करायला एका माणसाचा अख्खा दिवस जातो. ड्रोन उडवायचा तर विचारून, आणि देवळाचा विधी चालू असताना अजिबात नाही. प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून बाली प्रांत फेब्रुवारी 2024 पासून 1,50,000 रुपिया कर घेतो, आपले आठशेच्या आसपास. तो भरल्याशिवाय कुणाला फिरवू नका. 'कुणी विचारत नाही' असं गाईड सांगतात, ते खरंही असेल, तरी भरा.

सहलीच्या तारखा ठरवताना इथलं पंचांग बघा. इथला न्येपीचा दिवस म्हणजे शकाचं नवं वर्ष. शक तोच, आपल्या पंचांगावर छापलेला. 2026 मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, 19 मार्चला, आणि दोन्हीकडे शके 1948. त्या दिवशी बालीत कुणी घराबाहेर पडत नाही, दिवा लागत नाही, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद असतो. पाहुण्यांनाही हॉटेलातच राहावं लागतं. ज्यांचे प्रवासी त्या दिवशी अडकतात आणि 'एक दिवस फुकट गेला' म्हणून भांडतात, त्या कंपन्यांनी त्यांना आधी काही सांगितलेलंच नसतं. सांगून आणा. शांत बेट आणि दिव्यांशिवायचं आकाश बघायला मिळतं म्हणून लोक मुद्दाम येतील.

मुंग्गूला यायचं असेल तर कुनिंगानच्या सणाला या. तो 210 दिवसांनी येतो, गालुंगान या मोठ्या सणानंतर दहाव्या दिवशी. त्या दुपारी गावातले पुरुष लांबलचक काठ्या घेऊन निघतात, शेकडो काठ्या वर एकमेकींना टेकवून मनोरा उभा करतात आणि एखादा धाडसी पोरगा त्या काठ्यांवरून टोकावर चढतो. याला मेकोतेक म्हणतात. पूर्व जावातल्या ब्लांबांगानच्या लढाईवरून परतलेल्या मेंग्वीच्या सैन्याच्या स्वागताची ही आठवण. पूर्वी हातात भाले असत. 1915 मध्ये डच सरकारने बंडाच्या भीतीने बंदी घातली, मग गावात रोगराई पसरली आणि गावकऱ्यांनी भांडून ती प्रथा परत मिळवली, असं इथले लोक सांगतात. अजूनही ती गावावरचं संकट टाळण्यासाठीच काढतात, पाहुण्यांसाठी नाही. रस्ता बंद असतो. गाडी लांब लावा, कमरेला वस्त्र बांधा, कडेला उभे राहा. कुणी अडवणार नाही, उलट पाणी देतील.

हे पत्र मी इथल्या पेकासेहला भाषांतर करून सांगितलं. त्याने दोनच गोष्टी घालायला सांगितल्या. पहिली, पाटात साबण आणि प्लास्टिक सोडू नका, ते पाणी खाली कुणाच्या तरी रोपवाटिकेत जातं. दुसरी, ज्या कंपन्या वर्षभर या बाजूने गाड्या नेतात त्यांनी एकदा पाट सफाईच्या दिवशी आपला माणूस पाठवावा. काम करायला नाही आला तरी चालेल, बघायला यावा. पुढची सफाई लावणीच्या आधी आहे. दिवस ठरला की मी कळवीन. ज्यांना यायचं आहे त्यांनी कळवावं, राहण्याची सोय गावात होईल आणि जेवायला तिथलाच भात असेल.

कळावे,

आपला,
पांझराकाठचा एक शेतकऱ्याचा मुलगा,
मुक्काम मुंग्गूजवळ, जिल्हा बाडुंग, बाली